कुरुंद्याच्या वळणावर वाचलो

मी भागवतची गाडी बोलतेय. कागदोपत्री मी मोटारसायकल, पण शिरड शहापूरच्या आमच्या घरात मला कुणी तसं म्हणत नाही. "गाडी सावलीत घे," "गाडी पुसली का?" असंच चालतं. मलाही तेच आवडतं.

कोणत्या कारखान्यात माझे भाग जोडले गेले ते मला आठवत नाही. मला आठवतं ते हिंगोलीचं दुकान आणि तिथली काच. बारा वर्षांपूर्वी भागवत त्या काचेच्या दारातून आत आला, माझ्याभोवती तीनदा फिरला आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, "मागं चाळीस किलोचं वजन बांधलं तर डुलन का ही?"

वजनाचं कारण नंतर कळलं. भागवत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कुणाच्या विहिरीतली मोटार जळाली की त्याला बोलावणं येतं. मग तो मोटार पोत्यात गुंडाळून माझ्या पाठीवर बांधतो, घरी आणतो, तांब्याची तार नव्याने भरतो आणि परत नेऊन देतो. या बारा वर्षांत मी किती विहिरींचे काठ पाहिले असतील! कुठे चहा मिळाला, कुठे काकड्या, कुठे नुसतंच "उद्या या".

घरात माणसं मोजकीच. भागवतची आई चतुराबाई, बायको पुनम, पाचवीतली लेक सृष्टी आणि धाकटा भाऊ सोमेश्वर. सोमेश्वरकडे पांढरा पिकअप आहे. हळदीच्या दिवसांत तो गावोगावची पोती वसमतच्या बाजारात पोचवतो. अंगणात तो पिकअप आणि मी शेजारी शेजारी उभे असतो.

चतुराबाईला एक सवय होती. मुलगा घराबाहेर पडला की अर्ध्या तासात फोन. "कुठवर गेलास?" परत अर्ध्या तासाने, "पोचलास का?" मग, "निघालास का?" पुनम कधीमधी हसायची. पण त्यामागे दुखणं होतं. चतुराबाई माहेरी गेलेली असताना तिचे मालक माणिकराव अचानक वारले, आणि तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून कळायला उशीर होणं या गोष्टीचीच तिने धास्ती घेतली होती.

रस्त्यावर मी जे पाहिलं ते सांगते. कनेरगाव नाक्यावर एका धाब्यासमोर उभ्या कारचं दार आतल्या माणसाने एकदम सताड उघडलं. त्याला थुंकायचं होतं. भागवतने मला इतक्या जोरात वळवलं की माझं पायदान डांबराला घासलं आणि ठिणग्या उडाल्या. मागून येणारी बस दोन हातांवर थांबली. तो माणूस तोंड पुसत म्हणाला, "दिसलं न्हाई हो."

औंढ्याच्या रस्त्यावर थंडीच्या सकाळी उसाची ट्रॉली मधोमध उभी होती, मागे ना लाल दिवा, ना चमकती पट्टी. धुक्यातून ती एकदम समोर आली. मी मुरमाच्या कडेने निसटले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "तुमी येऊन राहिले ते दिसलंच न्हाई."

मला वाटायचं, दुनियेतले सगळे लोक आंधळे आणि एकटा आमचा भागवत डोळस. पण एक दिवस आईचा फोन आला, भागवतने तो हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खोचला आणि बोलत बोलत स्टँडाजवळून निघाला. पार्वतीबाई नावाची म्हातारी रस्ता ओलांडत होती. माझं पुढचं चाक तिच्या लुगड्याच्या काठाला लागून थांबलं. ती घाबरून खालीच बसली. भागवतने तिला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "दिसलं न्हाई आजी."

तेच शब्द. माझं इंजिन चालू होतं, पण मला गारठल्यासारखं झालं. त्यानंतर आठ दिवस त्याने गाडीवर फोन घेतला नाही. नवव्या दिवशी परत घेतला.

आता त्या दुपारची गोष्ट.

माघ संपत आला होता. शिवारात हळद काढणं चाललं होतं आणि ठिकठिकाणी शिजत्या हळदीची वाफ निघत होती. सृष्टी दोन दिवस कुरुंद्याला मिना मावशीकडे राहायला गेली होती. भागवतने तिथल्या एका शेतात मोटार बसवली आणि येताना लेकीला मागे बसवलं. तिने बापाच्या कमरेला घट्ट मिठी मारली होती आणि मावशीच्या घरच्या मांजरीची गोष्ट सांगत होती. मांजरीला चार पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक तिला आणायचं होतं.

"आजी रागवन," भागवत म्हणाला.

"आजीला मी सांगते ना."

कुरुंद्याबाहेर एक वळण आहे. समोरून हळद शिजवायचं भलंमोठं लोखंडी पिंप ओढत एक ट्रॅक्टर हळूहळू येत होता. आमची बाजू मोकळी होती. वेग बेताचा होता. आणि एकदम त्या ट्रॅक्टरच्या मागून एक पांढरी गाडी बाहेर पडली, सरळ आमच्या अंगावर.

ब्रेक दाबायलाही जागा नव्हती. भागवतने मला डावीकडे लोटलं. रस्ता सुटला, मुरूम सुटला, मी बेशरमाच्या झुडपांत घुसले. त्या गाडीच्या कडेने माझा उजवा आरसा उडवला. सृष्टी किंचाळली. मग मी कोरड्या नालीत आडवी झाले, आणि माझं मागचं चाक हवेत फिरत राहिलं.

त्या क्षणी मला एकच भीती होती. माझ्याखाली कुणी नाही ना?

नव्हतं. भागवत हातांवर पडला होता. नालीच्या पलीकडे शेतकऱ्याने हळदीचा कापलेला पाला रचून ठेवला होता आणि सृष्टी त्या ढिगावर जाऊन पडली होती. गुडघा खरचटला होता, केसांत पाला होता, डोळे मोठे झाले होते.

"लागलं का? बाळा, बोल ना! कुठं लागलं?"

"न्हाई पप्पा," ती म्हणाली आणि मग रडायला लागली. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भागवतने तिला झुडपांआड सुरक्षित बसवलं. मग त्याने माझ्या पाठीवरच्या पिशवीतला मोठा पाना उपसला आणि रस्त्यावर धावला. असा संतापलेला तो मी कधी पाहिला नव्हता. पांढरी गाडी पन्नास पावलांवर तिरपी थांबली होती. तिचं दार उघडलं आणि ड्रायव्हर खाली उतरला.

तो सोमेश्वर होता.

पांढरे पिकअप या रस्त्यावर पन्नास फिरतात. धुळीत आम्ही आमचाच ओळखला नव्हता.

पाना भागवतच्या हातात तसाच राहिला. सोमेश्वर रस्त्यावर बसला. "दादा, मार मला," एवढंच तो म्हणाला.

पिकअपचं दार उघडंच होतं. आतून, सीटखाली पडलेल्या फोनमधून आवाज येत होता. "सोम्या! आरे काय झालं? कोन वरडलं रे? बोल की!"

चतुराबाईचा आवाज. सोमेश्वर फोन खांद्याने कानाला दाबून तिच्याशी बोलत बोलतच वळणावर ट्रॅक्टरला मागे टाकत होता.

भागवतने फोन उचलला. "माय, मी भागवत. समदे बरे हायेत. ठेव आता."

"तू? तुज्यापाशी सोम्याचा फोन कसा?"

त्याने फोन बंद केला.

एव्हाना ट्रॅक्टरवाले कोंडीबा पिंप कडेला लावून पाण्याची कॅन घेऊन आले. पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी आधी सृष्टीचा गुडघा धुतला, मग दोघा भावांकडे पाहिलं. "सख्खे का?"

"व्हय," भागवत म्हणाला.

"मंग घरी जाऊन देवापुढं दिवा लावा." आणि सोमेश्वरला म्हणाले, "फोन उद्या बी वाजल बाबा. लेकरू एकच हाय."

सृष्टी लंगडत काकाजवळ आली. "काका, तुमी आमाला पाह्यलं न्हाई का?"

सोमेश्वरने तिला जवळ घेतलं. "न्हाई बाळा," तो म्हणाला. "म्या पाह्यलंच न्हाई."

तिघांनी मिळून मला नालीतून वर काढलं. पायदान वाकलं होतं, टाकीला पोचा पडला होता. पण पहिल्याच किकला मी सुरू झाले. भागवतने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

निघण्याआधी सोमेश्वर म्हणाला, "दादा, मायला सांगू नको. तिला सोसणार न्हाई."

"खडीवर घसरली म्हनू," भागवत म्हणाला. सृष्टीलाही तसंच पढवलं.

घरी चतुराबाई अंगणातच उभी होती. तिने नातीचा गुडघा पाहिला, केसांतला पाला काढला, मग माझ्या तुटलेल्या आरशाकडे पाहिलं.

"खडीवर घसरली गाडी," भागवत म्हणाला.

"आन सोम्याचा फोन तुज्या हातात कसा आला?"

पुनम पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. पिकअप अंगणात शिरला, सोमेश्वर उतरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चतुराबाईला सगळं दिसलं. ती पायरीवर मटकन बसली.

"मेथी आन म्हनून केला होता रे फोन," ती म्हणाली. "नुस्ती मेथी."

तिने पदर तोंडाला लावला. सोमेश्वर तिच्या पायाशी बसला. "माय, फोन तू केला, पर उचलला म्या. तुजा काय दोष?"

"मी बी उचलतो," भागवत खाली मान घालून म्हणाला. "पार्वतीबाईला पाडणार होतो एक दिवस. घरी सांगितलं न्हाई." पुनमने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी कुणी कुणावर ओरडलं नाही. पुनमने पिठलं-भाकरी केली आणि सगळे ओसरीत, माझ्यासमोरच जेवायला बसले. सृष्टीने मांजरीच्या पिल्लाची गोष्ट काढली. चतुराबाई डोळे पुसत म्हणाली, "आन बाई, दोन आन." आणि सगळे हसले. नको इतके हसले. वाचलेली माणसं तशी हसतात.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. सोमेश्वर फोन डब्यात बंद करून गाडी चालवू लागला, तेव्हा हळदवाले चिडले. "काहून उचलत न्हाईस?" म्हणून एकाने दुसरा पिकअप लावला. भागवत फोन आला की मला कडेला उभी करतो, मगच बोलतो. गडबडीत असला की चरफडतो, पण करतो. सृष्टीला लाल रंगाचं छोटं हेल्मेट आलं.

सगळ्यात अवघड गेलं चतुराबाईला. ती फोन हातात घ्यायची, नंबर काढायची आणि परत ठेवायची. परवा भागवत दीड तास उशिरा आला, दोर तुटून मोटार विहिरीत पडली होती. पुनम सांगत होती, दुपारभर सासूबाईंनी तीनदा अंगण झाडलं. आम्ही आलो तेव्हा ती झाडू घेऊन उभीच होती. "आलास व्हय," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आता मी जुनी झालेय. चढावर दम लागतो, थंडीत लवकर सुरू होत नाही. सोमेश्वर म्हणतो, दादा, नवी घे. भागवत म्हणतो, पाहू. रस्त्यावर अजूनही कुणी दिवा न लावता येतं, कुणी न पाहता वळतं. त्यांना मी थांबवू शकत नाही. पण आमचे दोन डोळे आणि दोन कान आता पूर्ण रस्त्यावर असतात, म्हणून कालही एका जीपपासून वाचलो.

बघा, भागवत पिशवी बांधून राहिला. कुणाच्या तरी हळदीला पाणी द्यायचं अडलंय. जाता जाता, घरी बसून वाट पाहणाऱ्यांनो, तुमच्याकडेच एक मागणं आहे. तुमचं माणूस रस्त्यावर असेल तेव्हा त्याला हाक मारू नका. भाजी राहू द्या, चहा गार होऊ द्या. त्याला उशिरा येऊ द्या. पण येऊ द्या.