कलम चार आणि लाल दिवा

ओट्मारकाकांचा पाय जमिनीला टेकला आणि बावीस वर्षांचं अध्यक्षपद त्याच क्षणी गेलं.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलंय. मी त्यांचा पुतण्या, शिवाय क्लबचा चिटणीस, त्यामुळे मला ते दोन्ही बाजूंनी मान्य करावं लागतं. तेव्हा पाय विसरा. सहल कशी झाली तेवढं सांगतो.

आमच्या हेल्मसबर्गचा सायकल क्लब १९०९ सालचा. दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही माइन नदीकाठची तीन जुनी गावं आणि त्यांच्या मधल्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्या पालथ्या घालतो. म्हणजे प्रत्येक गावाच्या वेशीशी उतरतो, लाकडी चौकटींची घरं बघून 'नीट ठेवलीयत' म्हणतो, आणि आपल्याकडची जास्त नीट आहेत असं एकमेकांना सांगत पुढे निघतो. पहिल्या गावात भिंतीवर पाटी आहे की इथे एका राजाने रात्र काढली. दुसऱ्या गावातल्या पाटीवर लिहिलंय की तो राजा इथे थांबला नाही, पण थांबणार होता. तिसऱ्या गावाला पाटी नाही, म्हणून आम्ही तिथे लघवीला थांबतो. एवढ्या इतिहासावर आमचं वर्ष निघतं.

यंदा पंधरा जण होतो. सगळ्यांच्या अंगावर चकचकीत, चिकटून बसणारे सायकलपटूंचे कपडे. बाजूने पाहिलं तर आमच्याकडच्या वाइनच्या बुटक्या, गोल पोटाच्या बाटल्या ओळीने चालल्यात असं वाटावं. त्यातल्या अकरा सायकलींना बॅटरी होती. त्याबद्दल कुणी बोलत नाही. चढावर सगळे बॅटरी चालू करतात आणि दम लागल्याचं नाटकही करतात. खजिनदार एग्बर्ट तर माथ्यावर पोचल्यावर पाण्याची बाटली स्वतःच्या कपाळावर शिंपडतो. घाम दिसायला हवा ना.

फक्त अध्यक्षाला बॅटरी चालत नाही. कारण कलम चार. आमच्या घटनेतलं हे कलम पहिल्या अध्यक्षांनी लिहिलं, ते लोहार होते आणि त्यांच्या मांड्या तशा होत्या: 'वार्षिक सहलीत फासाचा चढ चढताना अध्यक्षाचा पाय जमिनीला लागल्यास अध्यक्षपद त्याच क्षणी उपाध्यक्षाकडे जाईल.' फासाचा चढ म्हणजे दुसऱ्या गावानंतरची टेकडी. पूर्वी वर फाशीचा खांब होता. चढ बघितल्यावर कैद्यांनी फार विरोध केला नसावा.

काका एकाहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती, अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली. ती बंद झाल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नाही. काकू ऐकत नाही, कुत्रा ऐकत नाही, मी ऐकतो पण मोबाइलकडे बघत. आता जगात एकच जागा उरली होती, जिथे त्यांनी हात वर केला की चौदा माणसं एकदम ब्रेक दाबतात. सहलीच्या आधी महिनाभर ते गॅरेजमध्ये स्टँडवरच्या सायकलला पायडल मारत बसायचे. काकू खाली दळणयंत्र आणलंय असं शेजाऱ्यांना सांगायची.

उपाध्यक्ष म्हणजे डॉक्टर रोझविटा क्लाइनहेन्झ. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. क्लबातल्या प्रत्येकाचं तोंड त्यांनी आतून पाहिलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी ते उघडत नाही. गेली नऊ वर्षं त्या चढावर काकांच्या बरोबर मागे राहतात. नजर काकांच्या टाचेवर.

"ओट्मार, तुझा डावा गुडघा वाजतोय," पायथ्याशी त्या म्हणाल्या.

"ती साखळी आहे."

"साखळी मला ओळखता येते. हा गुडघा."

"डॉक्टरबाई, तू आपली वरच्या जबड्यात रहा. खाली मी बघतो."

काका निघाले. मी प्रामाणिकपणे सांगतो, ते चांगले चढत होते. लाल होऊन, फुसफुसत, पण चढत होते. अर्धा चढ संपला, वळण आलं, आणि वळणानंतर रस्त्याचं काम.

काम म्हणजे खड्डा. अकरा महिन्यांपूर्वी पाइप टाकायला खणला, तर तळाला कुठल्या तरी शतकातलं गटार निघालं. तेव्हापासून काम थांबलेलं, कारण आमच्या भागात जुन्या घाणीला फार मान आहे. एकच मार्गिका मोकळी, म्हणून दोन्ही टोकांना तात्पुरते सिग्नल. आमच्या टोकाचा लाल होता.

काकांनी ब्रेक मारला आणि तोल जायच्या आत सिग्नलचा खांब डाव्या हाताने धरला. दोन्ही पाय पायडलवर. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. मी चिटणीस आहे, मी वेळ लिहितो.

आम्ही सगळे मागे उतरून उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. समोरून काही येत नव्हतं. समोरचा रस्ता माथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता, तिथे एक मांजर बसलं होतं आणि तेही निघून गेलं.

"बिघडलाय," मी म्हणालो. "काका, जा सरळ."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना आजीचे दात विकायला सांगितलं होतं. "लोरेन्झ, लाल आहे."

"पण कुणी नाहीये."

"तू गाडीच्या परीक्षेत नापास झालास तो उगाच नाही. तीनदा."

एग्बर्ट पुढे आला. "आणि एखादं लहान मूल बघत असेल तर? मुलांसमोर आपण काय आदर्श ठेवणार?"

"इथे तीन किलोमीटरवर मूल नाही."

"द्राक्षांच्या वेलींत बसलेलं असेल," एग्बर्ट म्हणाला, आणि तेरा सुजाण नागरिकांनी वेलींकडे वळून आदराने पाहिलं.

तेवढ्यात हॉलंडचं एक जोडपं मागून आलं. 'गुटन टाग' म्हणालं, आमच्यातून वाट काढली आणि लाल दिव्याखालून गप्पा मारत वर निघून गेलं. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचं काहीतरी वाईट व्हावं अशी सगळ्यांची मनापासून इच्छा होती. ती दोघं माथ्यावर थांबली, सफरचंद खाल्लं आणि आम्हाला हात केला.

मी रस्ते कार्यालयाला फोन लावला. यंत्राने सांगितलं, कामाची वेळ सोमवार ते गुरुवार आठ ते बारा, तातडीचं असल्यास एक दाबा. एक दाबल्यावर यंत्राने सांगितलं, कामाची वेळ सोमवार ते गुरुवार आठ ते बारा.

"मी मागून सीट धरू का?" एग्बर्टने काकांना विचारलं. खांब धरून त्यांना तास झाला होता.

"धर की," रोझविटा म्हणाल्या. "कलमात मनाई नाही. मग मी इतिवृत्तात लिहायला लावेन, यंदा अध्यक्ष चढले नाहीत, त्यांना चढवलं."

"कुणी हात लावायचा नाही," काका म्हणाले. हात लावायचा नाही म्हणताना त्यांच्या आवाजात जुना मास्तर होता. मला पहिल्यांदाच वाटलं की हे गमतीचं नाही. लगेच वाटून संपलं, कारण त्यांच्या नाकावर माशी बसली आणि ते तिला खालच्या ओठाने फुंकर मारायला लागले.

साडेबाराला बुर्कार्ड आला. ज्याच्या मळ्यातून हा रस्ता जातो तो द्राक्षवाला. कात्री हातात, तोडणी चालू होती. त्याने आम्हाला पाहिलं, खांबाला लटकलेल्या काकांना पाहिलं, काही विचारलं नाही. आमच्याकडे माणूस शनिवारी काय करतो हे विचारायची पद्धत नाही. तो वेलींमधून घरी गेला आणि ट्रॅक्टर घेऊन परत आला. मळ्यातल्या वाटेवर ट्रॅक्टर उभा केला. मागे कांद्याच्या पाईचा मोठा ट्रे, नुकती आंबायला लागलेली गढूळ नवी वाइन आणि ग्लासांचं खोकं.

"बसा," तो म्हणाला. "चांगली जागा निवडलीत."

आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. काका सोडून. काकांच्या उजव्या हातात मी ग्लास दिला, डाव्यात खांब होता. पाईचा तुकडा भरवला. नवी वाइन तिसऱ्या घोटात माणसाला थोर करते. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "आणि बघ, अजून उभा नाही."

रोझविटा ग्लास घेऊन उठल्या. त्या मुद्दाम काकांच्या डाव्या बाजूला, थोड्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे ग्लासला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. नाही बघितलं तर पुढची सात वर्षं अंथरुणात दुष्काळ, असं लहानपणापासून कानावर असतं. देव न मानणारी माणसंही हे मानतात.

"तुझ्या नावाने, अध्यक्ष," रोझविटा म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला.

काकांनी न वळताच उजवा हात खांद्यावरून मागे नेला. ग्लास वाजले.

"डोळ्यांत, ओट्मार."

"इथूनच बघितलं असं धर."

"सात वर्षं आहेत. तुझ्या वयाला ती शेवटची असतील. गर्ट्रूडला मी काय सांगू?"

गर्ट्रूड म्हणजे काकू. एग्बर्टने चावणं थांबवलं. काकांच्या मनात अध्यक्षपद आणि संस्कार यांची झटापट चाललेली मानेवर दिसत होती. मग मान वळली. मानेमागून खांदा वळला. खांद्यामागून डावा हात खांबावरून सुटला, आणि काकांनी डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत अगदी नियमाप्रमाणे, सरळ, पापणी न हलवता बघितलं. उजवा पाय तोवर रस्त्यावर पोचला होता.

रोझविटांनी घोट घेतला, तोंड पुसलं आणि हात वर केला. तेरा माणसं एकदम उठून सायकलींपाशी गेली. मीही गेलो. का गेलो, हे मला अजून कळलेलं नाही.

बुर्कार्डने ट्रे आवरला, ट्रॅक्टर सुरू केला आणि वळवून रस्त्यावर घेतला. सिग्नल हिरवा झाला.

आम्ही दिव्याकडे पाहिलं. मग बुर्कार्डकडे.

"त्याला सायकल दिसत नाही," तो म्हणाला. "मोठं काही मागे आलं की होतो हिरवा. अकरा महिने असंच आहे."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं. ते अजून तसेच, एक पाय खाली.

"तुम्ही कुठे जाताय असं वाटलं नाही मला."

काका घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले. सोमवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि समोर कागद ठेवला. पाय खाली गेला हे ते नाकारत नव्हते. खोटं त्यांना जमत नाही. त्यांचं म्हणणं जमिनीबद्दल होतं: पाय गेला तिथवर जमीन आलीच नव्हती. ते सांगत गेले तसं मी लिहिलं:

'प्रति, जिल्हा रस्ते कार्यालय, तात्पुरते सिग्नल विभाग. महोदय, फासाच्या चढावरील आपल्या सिग्नलच्या खांबापासून उजवीकडे बेचाळीस सेंटिमीटर अंतरावर, गेल्या शनिवारी दुपारी एक वाजून सात मिनिटांनी, रस्त्याचा पृष्ठभाग नेहमीपेक्षा चार सेंटिमीटर खाली होता, असं पूर्वलक्षी प्रभावाने प्रमाणित करून द्यावं, ही विनंती. प्रमाणपत्र गुरुवारच्या सर्वसाधारण सभेपूर्वी, सही-शिक्क्यासह, दोन प्रतींत मिळावं. सोबत: उजव्या बुटाचं छायाचित्र, तळव्याकडून.'