खापर गाठीच्या माथी

आपल्या गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी आहेत, हे कचेरीतल्या रेकॉर्डकीपरना अठ्ठावन्न वर्षं माहीत नव्हतं. आता त्यातली एक फुगली होती आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. "थकवा, विसराळूपणा, चिडचिड, हिच्यामुळेच," सर्जन म्हणाले. रेकॉर्डकीपरना गाठ एकदम आवडू लागली. जन्मभराच्या चिडचिडीचं खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं आयतं कुठे मिळतं?

बायकोने लगेच लेकीला फोन लावला. "अगं, बाबांचा तो राग म्हणजे आजार होता." सहा वर्षांपूर्वी लेकीने चांगली नोकरी सोडली, तेव्हा त्यांनी तिला 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणून सुनावलं होतं. तिनेही शब्द पाळला होता. आता मात्र येते म्हणाली.

घोडं अडलं ते फायलीत. कचेरीत दुनियेचे कागद जपणाऱ्या या गृहस्थांनी घरीही प्रत्येक रिपोर्ट वर्षवार लावला होता. सर्जनसाठी ते चाळताना दिसलं, की भांडणाच्या वर्षी कॅल्शियम अगदी चोख होतं. वाढलं ते दोन वर्षांनी. नीटनेटकेपणा हा दुर्गुण आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. गप्प बसलं तर लेक परत मिळणार होती. ते गप्प बसले.

ऑपरेशन म्हणजे इंचभर चीर. गाठ नेमकी कुठे आहे हे स्कॅनने आधीच दाखवलं होतं, त्यामुळे सगळा गळा उघडावा लागला नाही. गाठ निघाल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासलं, गाठीतून सुटणारं हार्मोन उतरलेलं दिसलं आणि काम फत्ते झालं. आमचे शूरवीर मात्र आदल्या दिवशी मृत्युपत्र लिहून मोकळे झाले होते.

दुपारी लेक खाटेशी आली. "बाबा, आई म्हणाली, ते सगळं गाठीमुळे झालं."

नुसतं हूं म्हटलं तरी भागलं असतं. पण तिचा वाळलेला चेहरा बघून त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "गाठ नंतरची आहे. तेव्हाचा रिपोर्ट चोख होता. तेव्हा बोललो तो मीच. चुकलं माझं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझं भांडण गाठीशी नव्हतंच."

तिने स्टूल जवळ ओढलं. त्यांना रडूच फुटलं. भूल अजून उतरली नसेल, असं त्यांनी नर्सला सांगून टाकलं. सबबी शोधायची खोड काही गाठीबरोबर निघाली नव्हती.