चौतिसावं टेबल

घोडा पुन्हा खिडकीकडे तोंड करून उभा होता. पटावरचा काळा घोडा, तिचा. खेळताना ती घोडे कधी समोर तोंड करून ठेवायचीच नाही — त्यालाही बाहेर बघू दे की, म्हणायची — आणि तो सवयीने सरळ करायचा, बोलता बोलता, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून. “अहो, एक दिवस माझं नाकसुद्धा सरळ कराल.” त्या सकाळी ती समोर नव्हती, हॉस्पिटलात होती, छोटंसं ऑपरेशन, तीन दिवसांत येते, डाव हलवू नका, असं सांगून गेली होती. त्याने दोन बोटांत घोडा धरला आणि फोन वाजला. मेव्हणी होती.

“भाऊजी, तुम्ही आधी खाली बसा.”

“बसलोय,” तो म्हणाला. खरंच बसला होता. मग तिने सांगितलं. सगळं ऐकून झालं तरी घोडा हातातच होता, आणि तो ठेवायचा कसा, तोंड कुठे करून, हे त्याला कळेना...

त्या फोनला आता सव्वा महिना झाला. आज बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलच्या दारावरच्या यादीत तिचं नाव होतं. टेबल चौतीस. त्याचं एक्केचाळीस. दोघांचे अर्ज तिनेच भरले होते. देशोदेशीचे लोक येतात, नवखेही चालतात — “म्हणजे तुम्हीसुद्धा चालाल,” असं म्हणाली होती.

तिचं नाव काढायला सांगायचं, म्हणून तो तासभर आधी आला होता. बसमध्ये वाक्य घोकत आला होता. माझी बायको वारली, तिचं नाव काढा. साधं वाक्य. पंचबाई टेबलामागे कागद लावत होत्या. त्यांनी मान वर केली, “बोला काका,” म्हणाल्या, आणि तो म्हणाला, “पेन मिळेल का?” पेन मिळालं. खिशात आधीच दोन होती.

दहा वाजता टेबलांवरची डावाची घड्याळं सुरू झाली. त्याच्या जागेवरून चौतीस नंबर सरळ दिसत होता. हिरव्या स्वेटरमधली एक बाई, समोर रिकामी खुर्ची, काळ्या सोंगट्या मांडलेल्या. त्या बाईने पहिली चाल केली, घड्याळ दाबलं आणि हात मांडीवर ठेवून ती दाराकडे बघत बसली. आता त्याच्या बायकोचं घड्याळ चालत होतं. अर्धा तास. अर्ध्या तासात खेळाडू आला नाही, तर डाव गेला.

उठावं आणि सांगावं. आपलं घड्याळ चालेल, चालू दे. पण सांगितलं की कागदावर रेघ मारतील, आणि ती रेघ मी मारायला लावलेली असेल... दवाखान्यात सह्या केल्या, बँकेत केल्या, तेव्हा हात थांबला नाही. मग इथेच काय होतंय? त्याने चाल केली. घड्याळ दाबायला विसरला. समोरचा दाढीवाला परदेशी होता, भाषेचा पत्ता नाही. त्याने हसून घड्याळाकडे बोट दाखवलं.

वीस मिनिटं झाली. हिरव्या स्वेटरवाली उठून दारापर्यंत जाऊन आली. ती परत खुर्चीत बसेपर्यंत त्याची नजर तिच्यावर होती, आणि हात इकडे पटावर, आपल्याच सवयीने — दाढीवाल्याचा घोडा जरा वाकडा होता, तो त्याने सरळ केला.

दाढीवाला थबकला. मग खांदे उडवून, राहू दे, असं हाताने सांगू लागला. पण पंचबाई मागेच उभ्या होत्या.

“काका, घोड्याला हात लावलात?”

“लावला. सरळ करत होतो.”

“आधी बोलायचं असतं ना, नीट करतोय म्हणून. चाल तुमची आहे, आता तोच मारावा लागेल. ते राहू दे म्हणतायत, पण नियम आहे.”

“असू दे. घरीही हाच नियम आहे.” होताच. हात लावला, आता चाला, असं ती ठणकावून सांगायची. घोडा मारता येत होता फक्त वजिराने. त्याने मारला. दाढीवाल्याने नाइलाजाने प्याद्याने वजीर उचलला.

पंचबाई हलल्या नाहीत. “चौतीस नंबरवर तुमचंच आडनाव आहे. कोण तुमच्या?”

“घरची.”

“पाच मिनिटं उरलीत. येतायत ना?”

आत्ता. आत्ताच. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. “घरातून निघायला तिला नेहमीच उशीर होतो,” तो म्हणाला. यात एक शब्दही खोटा नव्हता.

“आज नाही आल्या तर उद्याच्या यादीत नाव राहणार नाही. उद्या येणार असतील तर दोनपर्यंत मला येऊन सांगा.”

त्याचा डाव बारापर्यंत कसाबसा चालला. बाहेर हिरव्या स्वेटरवाली भेटली. “चौतीस नंबरच्या त्या तुमच्या ना? पंचबाई म्हणाल्या. रागावले नाहीये हो. पण दोन गाड्या बदलून आले, आणि खेळले एक चाल. बऱ्या आहेत ना?”

त्याने मान हलवली. कशी हलली, त्यालाच समजलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर तो चौतिसाव्या टेबलापाशी गेला. काळे घोडे समोर तोंड करून, अगदी शिस्तीत उभे होते. असे तिने कधीच ठेवले नसते. त्याने एक उचलला आणि खिडकीकडे वळवून ठेवला. मग दुसरा.

येणार आहे म्हटलं तर नाव राहील, आणि उद्या आणखी कोणीतरी दाराकडे बघत बसेल. गप्प बसलो तर नाव आपोआप जाईल, तेही मी न सांगता, कोणी न आल्यासारखं. दोन्ही नको. दोनला वीस मिनिटं आहेत. पंचबाई समोर डबा उघडून बसल्यात. ती वारली, हे मला अजून सांगायचं आहे.