शेपटीतलं ‘नाही’

माझं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी असतं. आपल्या भाषेत ते बहुतेकांचं तिथंच असतं, पण माझं जरा जास्तच शेवटी, अगदी शेपटीत. समीक्षा लिहिताना आधी कलाकाराला जे म्हणायचं आहे ते त्याच्या आईने लिहावं इतक्या मायेने लिहायचं, वाचणाऱ्याला निवांत टेकून बसू द्यायचं आणि मग नांगी मारायची. कलेच्या वर्तुळात मला ‘विंचू’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मासिकाचा अंक टपालाने दोन-तीन दिवस उशिरा आला तेव्हा मी भाजी परतत होते. नवऱ्याने पाकीट फाडलं, माझा लेख काढून उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला, चला, या वेळी कुणाला ओरबाडलं नाहीस. तो शाळेत गणित शिकवतो. कलेतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही हे तो सगळीकडे अभिमानाने सांगतो, पण वाचलेलं त्याला नीट कळतं. म्हणून मी गॅस बंद केला आणि अंक त्याच्या हातातून घेतला.

लेख ‘बीज’वर होता. ‘बीज’ म्हणजे चकचकीत पोलादाचं तीन मजली उंच बी. सांस्कृतिक खात्याने लोकांच्या पैशातून ते करवून घेतलं, आणि करणारा शिल्पकार मंत्र्यांच्या प्रत्येक सभेत दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. सध्या ते खात्याच्या आवारात उघड्यावर उभं आहे. लोक त्याच्यासमोर थांबतात, त्यात स्वतःचं तोंड पाहतात, फोटो काढतात आणि जातात. त्यापलीकडे त्यात काही नाही, हे मी चार पानं भरून, पुराव्यानिशी लिहिलं होतं. छापलं होतं त्यातलं फक्त पहिलं पान. ते बी किती उंच आहे, सांधे कसे दिसत नाहीत, सकाळच्या उन्हात त्यात रस्ता कसा वाकतो, हे सगळं मन लावून लिहिलेलं पान. आणि त्याच्या मधोमध, चौकटीत, ठळक अक्षरांत माझं शेवटचं वाक्य होतं: ‘या शहराने आपली उत्तमातली उत्तम जागा या कामासाठी मोकळी करून द्यावी.’

मी लिहिलं होतं: ‘या शहराने आपली उत्तमातली उत्तम जागा या कामासाठी मोकळी करून द्यावी, असं मला क्षणभरही वाटलं नाही.’

तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला मूळ वाक्य ऐकवलं तेव्हा तो आधी हसला आणि मग माझा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

ही जागा काही हवेतली नव्हती. ती शाईताईची होती. शाईताई म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे छाप काढणारी बाई. खात्याच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर तिची कार्यशाळा आहे. उंच खिडक्या, उत्तरेचा उजेड, मधोमध हातचाकाचं छापयंत्र. ज्याला छाप काढायचे त्याने यावं, शाई घ्यावी, काम करावं, जाताना फडकी धुऊन ठेवावीत. माझ्या विशीत मीही तिथे होते. चित्रकार व्हायचं होतं मला. ताईने माझे छाप दोरीवर वाळत घातले, सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, तुला दिसतं छान, पण करता येत नाही. तू लिही. मी घरी जाऊन रडले आणि लिहायला लागले.

‘बीज’ला छप्पर हवं होतं आणि खात्याचा डोळा त्या इमारतीवर होता. आतले मजले पाडून तिथे एकच मोठं दालन करायचं होतं. अडचण एवढीच, की जुन्या करारानुसार ताईच्या संमतीशिवाय कार्यशाळा हलवता येत नव्हती. खात्याने तिचं अनुदान रोखलं, विजेच्या जोडणीत खोट काढली, तिच्या विद्यार्थ्यांना दुसरीकडच्या शिष्यवृत्त्या देऊन फोडलं. ताई जागची हलली नाही. तिच्या बाजूने कुणी लिहीत नव्हतं, कारण लिहिणारे सगळेच खात्याच्या अनुदानावर. मी मात्र लिहीन, असं मी ठरवलं होतं. आणि माझ्या लेखाला कुणी ताईच्या चेलीचा लेख म्हणू नये म्हणून हे प्रकरण सुरू झाल्यापासून मी तिच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं, फोनही केला नव्हता. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरचा चहा पिऊ नये, हे तिनेच मला शिकवलं होतं.

जागेचा निर्णय करणाऱ्या खात्याच्या समितीची बैठक त्याच आठवड्यात होती. तोवर मला माझं ‘नाही’ परत हवं होतं.

संपादकांना मी दादा म्हणते. माझा पहिला लेख त्यांनी छापला, माझ्या लग्नात ते माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांचं कार्यालय म्हणजे एका दुकानाच्या माथ्यावरची खोली, त्यात जुन्या अंकांचे गठ्ठे आणि एक टेबल. मी अंक टेबलावर आपटला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले की जागेअभावी कापावं लागलं.

जागेअभावी! मला हसूच आलं. मी म्हणाले, अर्ध्या ओळीची जागा नव्हती? मागच्या पानावर खात्याची पूर्ण पानभर जाहिरात आहे, तिला बरी मिळाली.

त्यावर त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, आजाराची हकीकत सांगावी तसं. मासिकाचं अनुदान अडकलं होतं. खात्यातून सांगण्यात आलं होतं की टीका हा शब्द नियमांत बसत नाही, रसग्रहण बसतं. अंक बंद पडला तर खालचा अक्षरजुळणीवाला आणि हिशेबाची बाई रस्त्यावर येणार होते. माझे हात दगडाखाली आहेत, असं ते दोनदा म्हणाले. अनुदान एकदा येऊ दे, मग पुढच्या चार अंकांत तू हवं ते लिही, मी एक अक्षर कापणार नाही. खुलासासुद्धा छापू, पुढच्या अंकात.

मी म्हणाले, “पुढच्या अंकापर्यंत ताई रस्त्यावर असेल. आत्ता मला दोन ओळी लिहून द्या. सही करा. मी समितीला नेऊन देते.”

“तुझं नाव आहे, बाळ,” ते म्हणाले, “पण कागद त्यांचा आहे.”

त्यांनी मला बाळ म्हणायला नको होतं. मी त्यांना नको नको ते बोलले. भित्रे म्हणाले, विकले गेलेले म्हणाले. शेवटी त्यांनी खणातून माझं मूळ हस्तलिखित काढून माझ्यापुढे ठेवलं. तेवढीच त्यांची हिंमत, आणि त्यांच्या परीने ती पुष्कळच असावी.

तिथून मी थेट खात्यात गेले. संचालकबाईंना भेटायला लोकांना महिनाभर ताटकळावं लागतं. मला लगेच आत घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बाईंनी उठून माझं स्वागत केलं. लेख किती सुंदर आहे, त्यांनी स्वतः तो मंत्र्यांना वाचून दाखवला, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाचं भरभरून कौतुक केल्यामुळे त्याला कसं वजन आलं आहे, हे त्या बोलत राहिल्या. त्यांना माझी चेष्टा करायची नव्हती. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना.

मी हस्तलिखित पुढे केलं. त्यांनी चारही पानं वाचली. कंटाळा न करता वाचली, हे मान्य केलं पाहिजे. मग पानं नीट जुळवून मला परत दिली.

“लिहिलंय छान,” त्या म्हणाल्या. “पण हे छापलेलं नाही ना? आम्हाला छापलेल्याचीच दखल घेता येते.”

मी म्हणाले, मी लिहिणारी समोर बसले आहे, मीच सांगते आहे की मला हे म्हणायचं नव्हतं. त्या म्हणाल्या की लेखक नंतर काय काय म्हणतात याला अंत नसतो. मग त्यांनी मला सल्लागार मंडळावर यायचं निमंत्रण दिलं. स्वतंत्र विचारांची माणसं आम्हाला हवीच आहेत, म्हणाल्या. मी विनवण्या केल्या. होय, केल्या. ज्या बाईच्या खात्यावर मी उभी हयात ताशेरे ओढले, तिच्यापुढे हात जोडून मी म्हणाले की बैठक निदान पुढे ढकला. त्यांना माझी खरोखरच दया आली असावी. त्या म्हणाल्या की बैठक आता उपचारापुरती आहे. कार्यशाळेच्या बाई काल स्वतः येऊन संमती देऊन गेल्या, आदेशही निघाला. कुणी जबरदस्ती केली नाही. “हसत हसत सही केली त्यांनी,” त्या म्हणाल्या.

जिना उतरताना माझा राग दादांवरून, बाईंवरून सरकून ताईवर येऊन बसला. एवढं सगळं सोसून ऐन वेळी हिने हात टेकले? काय दिलं यांनी हिला? घर, मानधन, नावाचा पुरस्कार? मी तिच्यासाठी दारोदार फिरते आणि ही हसत हसत सही करून मोकळी. ताईबद्दल असा विचार माझ्या मनात त्याआधी कधी आला नव्हता. तो इतक्या सहज आला की मीच चरकले, पण पाय काही थांबले नाहीत.

कार्यशाळेचं दार सताड उघडं होतं. आम्लाच्या थाळ्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. छाप वाळवायच्या दोऱ्या उतरवल्या होत्या, चिमटे एका डब्यात भरले होते. छापयंत्राचं मोठं चाक सोडवून भिंतीला टेकवलं होतं. नुसतं ते चाक बघून मला भडभडून आलं. ताई यंत्राच्या पाटावरची जाड लोकरी कांबळी काढत होती. छाप काढताना ती कागदावर घालतात, त्यांच्या दाबाने कागद पत्र्यावर कोरलेल्या रेषेत शिरतो. तिची नखं नेहमीसारखी काळी होती.

मला पाहून ती इतकी खुलली, की मी काय विचारायला आले होते ते क्षणभर विसरले. मग विचारलंच.

“काय दिलं त्यांनी तुला?”

“कुणी?”

“खात्याने. सही कशी केलीस तू?”

तिने हातातलं कांबळं खाली ठेवलं. मग म्हणाली, “अगं, तूच लिहिलंस ना?”

खिडकीच्या कट्ट्यावर अंक होता, माझ्याच पानावर उघडलेला. चौकटीतल्या वाक्याखाली तिच्या बोटाची शाई लागली होती. ती सांगत होती, आणि तिच्या आवाजात कुठे तक्रार नव्हती. ते बी तिलाही पोकळ वाटलं होतं. पण आता वय झालं, आपली नजर जुनी झाली, आपल्याला नवं कळत नसेल, असं तिच्या मनात यायचं. मग माझा लेख आला. मी कुणाची भीड ठेवत नाही, मी खोटं लिहीत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी जर म्हणते आहे की या कामाला उत्तम जागा मिळावी, तर एका म्हातारीने हट्टापायी ती अडवून बसणं बरं नव्हे, असं तिला वाटलं.

मी म्हणाले, मला एक फोन करायचा होतास.

“मुद्दाम नाही केला,” ती म्हणाली. “तुझ्यावर दबाव यायला नको.”

मी पाटावर टेकले आणि हस्तलिखित तिच्या हातात दिलं. ती खिडकीशी गेली. चारही पानं तिने सावकाश वाचली, आणि ती वाचत होती तेवढा वेळ मी बडबडत राहिले. आत्ताच्या आत्ता जाऊ, संमती मागे घे, फसवणूक झाली म्हणून सांग, मी साक्ष देते, वकील बघते. तिने बोट वर करून मला थांबवलं.

“काय सांगू त्यांना? छापलेलं वाचून सही केली, आता मला वाचता येत नाही म्हणून सांगू?” ती म्हणाली. यंत्र उद्या गोदामात जाणार होतं. तिथे जागा आहे म्हणे.

मग तिने शेवटचं पान पुन्हा वर घेतलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. पूर्वी माझ्या छापातली चूक दाखवायला ठेवायची तसंच.

“हे ‘वाटलं नाही’ आधी का नाही लिहिलंस?”

मला थाप मारता आली असती. भाषेवर ढकलता आलं असतं, दादांवर तर आलंच असतं. पण तिच्यापुढे मला कधीच थाप मारता आलेली नाही.

“वाक्य छान व्हावं म्हणून,” मी म्हणाले.

तिने ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं.

“छान झालंय,” ती म्हणाली.

तिने पानं माझ्या मांडीवर ठेवली, पाटावरचं शेवटचं कांबळं उचललं आणि त्याचं एक टोक माझ्याकडे धरलं. मी उठले, ते हातात घेतलं. ते शाईने आणि दाबाने पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं, एकटीला त्याची घडी घालता येत नव्हती.