मूठ नसलेलं दार

घरी मी तिचा सासरा, स्टुडिओत ती माझी साहेब. हे गणित माझ्या डोक्यात नीट बसलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

तिने काढलेली गाडी मात्र मला पहिल्या चित्रातच आवडली होती. जगात एकच बनणार होती, तीही मोठ्या साहेबांनी होकार दिला तर. पुढच्या दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत एकच रेघ, मध्ये जोड नाही की खाच नाही. दाराला मूठसुद्धा नाही; जवळ गेलं की ते आपोआप उघडणार. कारखान्यात जायच्या आधी मोटार पूर्ण आकारात मातीची घडवतात, ते माझं काम. एकतीस वर्षांत इतकी धीट रेघ माझ्या हाताखालून गेली नव्हती.

आम्ही अर्धीच गाडी घडवतो आणि मधोमध आरसा उभा करतो. उरलेली अर्धी त्यात दिसते. रेघ कुठे मोडते का ते पाहायला त्या सकाळी मातीवर चंदेरी कागद चढवला. त्यात पडलेली छतावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडाची रेघ गाडीवरून सरळ धावत आली आणि दारापाशी अडखळली. अकराला मोठे साहेब यायचे होते. त्यांना ती अडखळलेली दिसली असती, तर गाडी तिथेच संपली असती.

"तुझं ड्रॉइंगच चुकलंय," मी फाडकन म्हणालो.

"बाबा, एकदा डोळे मिटून हात फिरवा ना."

मीच शिकवलेलं मलाच ऐकवत होती. नाक मुरडत हात फिरवला. दारावर चार बोटं मावतील एवढा खोलगटपणा होता. मूठ धरताना बोटं आत जावीत म्हणून प्रत्येक गाडीला मी ही जागा ठेवत आलो. इथेही हातानं मला न विचारता ती ठेवून दिली होती. माझे कान गरम झाले.

कागद काढला, गरम माती भरली, पातं फिरवलं. तोवर अकरा वाजले.

साहेब गाडीभोवती फिरले आणि ताज्या मातीच्या गडद डागापाशी थांबले. "आयत्या वेळी रेघ बदललीत? खात्री नव्हती का?"

"हो, माझ्याकडून जरा..." सून म्हणाली.

ती मला पाठीशी घालत होती. ते मला सहन होईना.

"तिची रेघ पहिल्या दिवसापासून हीच आहे," मी म्हणालो. "चुकला तो माझा हात. दाराला मूठ नाही, हे त्याला उशिरा कळलं."

साहेबांनी दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत तळवा नेला. तो कुठेच थांबला नाही.

"बनवा," ते म्हणाले.

सुनेनं सगळ्यांदेखत माझा मातीनं माखलेला हात धरला. मला लाज वाटायला हवी होती. पण तिचा अभिमानच वाटत होता, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही.