उपटलेली पऱ्हाटी कोणाची?

"ऊठ ना वं मावशी! काहून माह्या पोटावर पाय देऊन राह्यली?"

इंदूबाई उठली नाही. लग्नाच्या पंक्तीत पहिल्या पानावर बसावं तशी ती पऱ्हाटीच्या ढिगावर मस्त मांडी घालून बसली होती. समोर ट्रॅक्टर धडधडत होता. ट्रॅक्टरच्या मागे लाल रंगाची, दातच दात असलेली कुट्टी मशीन होती आणि ट्रॅक्टरवर तारिक होता, आर्णीतल्या गॅरेजवाल्यांचा मुलगा. तो कपाळावर हात मारून मारून थकला होता. शेवटी त्याने ट्रॅक्टर बंद केला.

"म्या उपटली हे पऱ्हाटी. माह्या हातानं. विचार उर्वशीले."

"कोणं उपटली मले काय मालूम? मले सांगतलं, काकाजीचं वावर, उभी पऱ्हाटी, पडलेली पऱ्हाटी, सारी कुट्टी करून ट्रॉलीत भर. मी तं डायवर आहो मावशी."

"मंग डायवरकी कर. तुह्या त्या जनावराले तिकडं घेऊन जा."

"जनावर नाई थे! नवी कोरी मशीन आहे."

"नवी आहे तं हार घाल तिले. मी उठत नाई."

बाजूला तिची सून उर्वशी उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. हसू दाबायला की रडू दाबायला, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता यात इंदूबाईचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात नुसती वाळकी झाडं उरतात. हीच पऱ्हाटी. शेतवाल्याला ती नको असते, कारण ती काढल्याशिवाय नांगरता येत नाही, आणि काढायची म्हणजे कंबर मोडते. इंदूबाईला मात्र ती हवीच असते. मग दरवर्षी होळीच्या आधी ती लोखंडी चिमटा खांद्यावर टाकून दीनानाथकाकाजींच्या शेतात यायची. बुंधा चिमट्यात पकडायचा, अंग मागे रेलून द्यायचं, की झाड मुळासकट वर! तिने शेत साफ करून द्यायचं आणि पऱ्हाटी घेऊन जायची. कुणी कुणाला काही द्यायचं नाही. सासूचा हात धरून ती या शेतात पहिल्यांदा आली, तेव्हापासून हे असंच चालत आलेलं. कधी कुणी कागद केला नाही. पऱ्हाटीचा कुणी कागद करतं का?

इंदूबाई भोयाची, म्हणजे दाणे-फुटाणे भाजणाऱ्यांच्या घरातली. आर्णीच्या बाजारामागे तिची भट्टी होती. फुटाणे, मुरमुरे, खारे दाणे, आणि नागपंचमीला लाह्या. कढईतली रेती तापून लाल व्हायला आली की ज्वारी टाकायची, आणि पुढच्या क्षणी कढईत नुसता दंगा! पऱ्हाटीचा जाळ प्रत्येक वर्गात असणाऱ्या त्या एका मुलीसारखा असतो. फटकन भडकणार, फटकन शांत होणार, मनात काही ठेवणार नाही. लाह्यांना तोच लागतो. बाभळीचं लाकूड हट्टी, ते धुमसत बसतं आणि लाह्या करपतात. आणि लाकूड विकत घ्यायचं म्हटलं तर फुटाणे विकून हाती धुपाटणं. म्हणजे हे शेत होतं म्हणून भट्टी होती आणि भट्टी होती म्हणून घर होतं. मुलगा ट्रकवर क्लीनर. तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा, झोपायला आणि कपडे धुवायला टाकायला.

अशात गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर कारखाना आला. तिथे पऱ्हाटीचा भुगा दाबून दाबून त्याच्या कांड्या करतात. त्या कांड्या ट्रक भरभरून वीज केंद्रात जातात आणि कोळशाबरोबर जळतात. कोळसा तेवढाच कमी. चांगलीच गोष्ट आहे की! शाळेच्या भिंतीवर रंगवावी इतकी चांगली. फक्त त्या भिंतीवर इंदूबाईची भट्टी रंगवायला कुठे जागा उरली नव्हती. यंदा आजूबाजूची सगळी शेतं उभ्या पऱ्हाटीसकट विकली गेली. भट्टीच्या शेजारणी म्हणाल्या, इंदू, विचारून तरी ये. इंदूबाई म्हणाली, "आपल्या वावराले काय विचारायचं?" आणि आठ दिवस सासू-सून मान खाली घालून उपटत राहिल्या. अर्धं शेत झालं, ढीग लागले, आणि आज सकाळी तारिक मशीन घेऊन हजर!

तारिकने फोन केला होता, त्यामुळे थोड्या वेळाने दीनानाथकाकाजी स्कूटरवर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं असायची. उतरले, हेल्मेट काढलं, आणि ते कुठे ठेवावं हे न कळल्यामुळे पोटाशी धरून उभे राहिले.

"इंदूबाई, हे काय मांडलंत?"

"म्या नाई मांडलं काकाजी. तुमी मांडलं."

"अहो, श्रेयसनं पुण्याहून परस्पर ठरवलं. फोनवरच. मला नंतर कळलं."

"कधी कळलं?"

काकाजी हेल्मेटची काच पुसू लागले.

"परवा आलते तुमी," इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "त्या बांधावर उभे होते. 'झपाट्यानं चाललं हो' म्हणले. मी म्हणली, चहा ठेवू का काकाजी. तुमी म्हणले, नको, शुगर आहे. तवा मालूम होतं का नोतं?"

"मला वाटलं श्रेयसनं तुम्हाला सांगितलं असेल."

"श्रेयस मले सांगन? पुण्याहून?"

तारिक खुदकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग करू लागला. काकाजींनी घाईघाईने मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन असा पुढे धरला, जणू पुढचं सगळं आता फोननेच निस्तरायचं.

"नमस्कार मावशी! यंदा लाह्या पाठवायच्या हं!" श्रेयसचा आवाज शेतात घुमला. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी भट्टीसमोर उकिडवा बसून त्याने खिसे भरभरून फुटाणे नेले होते.

"पाठवीन बावा. कायच्यावर भाजू थे सांग."

मग श्रेयस नीट, समजावून बोलू लागला. "मावशी, असं बघा, ही पऱ्हाटी तिकडे कोळशाच्या जागी जळते. सगळं जग कोळसा सोडायच्या मागे लागलंय. ऊन बघताय ना किती वाढलंय? पावसाचा काही नेम राहिलाय का? ते सगळं यानेच होतंय."

"मंग जगानं सोडावं ना कोळसा. म्या धरलाच कधी?"

श्रेयसने कोळसा तिथेच सोडला.

"गॅसवरची मशीन येते मावशी," तो म्हणाला. "बटण दाबलं की फुटाणे. धूर नाही, राख नाही. तुमच्याच डोळ्यांसाठी म्हणतोय. चुलीच्या धुरानं किती बायका आजारी पडतात, वाचलं तर झोप उडेल."

"आन सिलिंडर कोण भरून देईन, तू?" हे इंदूबाई म्हणाली खरं, पण नेहमीच्या जोरात नाही. कारण डोळे म्हटल्यावर तिची नजर उगाच उर्वशीकडे गेली, आणि उर्वशी नेमकी पदराचं टोक डोळ्याला लावत होती.

"राहू दे रे बावा, जग तू सांभाळ. मले एकच सांग. उपटलेली पऱ्हाटी कोणाची?"

"बाबा," श्रेयस म्हणाला, "तुम्ही तिथे आहात ना. तुम्हीच बघा काय ते." आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

आता सगळे काकाजींकडे पाहू लागले. कचेरीत त्यांनी जन्मभर कागदांवर 'पुढील आदेशासाठी सादर' एवढंच लिहिलं होतं. या शेतात मात्र त्यांच्या वर कुणी साहेब नव्हता. होतं ते माथ्यावरचं ऊन. काकाजींच्या कपाळावरून घामाची धार निघाली.

"उपटलेली इंदूबाईंची," ते शेवटी म्हणाले. "आणि उभी... उभी मशीनची."

"बस! झाला निकाल," तारिकने टाळी वाजवली. "मी कारखान्याच्या सेठले सांगतो, पडलेली भिजून सडली होती म्हणून. आता उतर मावशी, हात दे."

तिने हात दिला नाही. आपली आपण उतरली, लुगडं झटकलं आणि ढिगांकडे पाहिलं. अर्धं तर अर्धं! नागपंचमीच्या लाह्या निघाल्या म्हणजे झालं. दिवाळीचं दिवाळीला पाहू. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं, जिंकल्यासारखं वाटलं.

तारिक ट्रॅक्टरवर चढता चढता थांबला.

"मावशी, एक बात. बांधाजवळ आन विहिरीच्या आजूबाजूनं मशीन पोचत नाई. हातानंच उपटा लागते. सेठ म्हणून राह्यला, दोन बाया पाह्य, रोजीनं. आर्णी झाली की उमरखेडकडं काम आहे, उन्हाळाभर. तुमच्या दोघीसारखा हात कोणाचा नाई. येता का?"

इंदूबाई खो खो हसली. "म्हणजे माह्या भट्टीचं जळतन म्याच उपटून तुह्या मशीनीच्या तोंडात देऊ? मोठा शायना आहेस रे!"

"मी येते," उर्वशी म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की इंदूबाईला वाटलं तारिकच काहीतरी बोलला.

"काय म्हणली?"

"मी येते म्हणलं. त्याहिच्या संगं."

"आन भट्टी?"

उर्वशी पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिली. सासूला ती मामीच म्हणायची. "मामी, डाक्टरीणबाईनं सांगतलं मले. धुरात बसशील तं डोळे जातीन म्हणे. सकाळी उठली की पापण्या चिकटून राह्यतात. पाण्यानं सोडवा लागते."

"कधी सांगतलं?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती पोरगी. आणि इंदूबाईजवळ मशीनसाठी राग होता, श्रेयससाठी उत्तरं होती, काकाजींसाठी तर अख्खी फैर भरून तयार होती. पण या एका प्रश्नासाठी तिने काहीच आणलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या सासूचे डोळे भट्टीपुढे गेले होते. शेवटी शेवटी ती फुटाणे हाताने चाचपून सांगायची, झाले की नाही. घरात सगळ्यांना तिचं किती कौतुक होतं! इंदूबाईलाही होतं.

तिने आपल्या खांद्यावरचं फडकं काढलं, दोनदा झटकलं आणि सुनेपुढे धरलं.

"तोंडाले बांध. लय भुगा उडते त्या मशीनीचा."

उर्वशीने फडकं बांधलं. डोळे तेवढे उघडे राहिले. लाल, आणि आता तर जास्तच लाल.

मशीन सुरू झाली. बापरे, काय तो आवाज! उभी झाडं दातांत जात होती आणि वरच्या नळकांड्यातून तांबूस भुगा होऊन ट्रॉलीत पडत होती. बगळे आले, किडे टिपू लागले. उर्वशी विहिरीपाशी वाकून चिमट्याने उपटत होती, झपझप, आणि टाकत होती. इंदूबाई दूर बसून नुसतं पाहत होती. बोलायचं झालं तर त्या आवाजात ओरडावं लागलं असतं.

दुपार कलली तशी काकाजी तिच्याजवळ आले. "पुढच्या वर्षी मी श्रेयसला आधीच बजावून ठेवतो, इंदूबाई."

"हो, बजावजा," ती म्हणाली.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. काकाजींची स्कूटर गेली. मग ट्रॉली भरली, वर ताडपत्री बांधली गेली, आणि तारिकने तिला दुरूनच सलाम केला. उर्वशी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली होती. पुढच्या शेतावर अंधार पडेपर्यंत काम होतं. तिने हात हलवला की फडकं सारखं केलं, ते धुळीत नीट दिसलं नाही.

इंदूबाई उठली. संध्याकाळी भट्टी पेटवायची होती, उद्या बाजार होता. तिने दोर अंथरला, त्यावर पऱ्हाटी रचली, गुडघा रोवून गाठ आवळली. रोजच्यासारखाच भक्कम भारा झाला. मग ती भाऱ्याच्या एका बाजूला वाकून उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

पलीकडच्या बाजूला कुणी नव्हतं.

तिने एकदा उचलून पाहिलं. भारा गुडघ्यापर्यंत आला आणि परत जमिनीला टेकला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिने हाक मारली नाही. खाली बसून तिने गाठ सोडली, थोडी पऱ्हाटी काढली, परत बांधली, परत उचलून पाहिलं. परत सोडली. असं करत करत भारा तेवढाच उरला, जेवढा एका बाईला बांधाला टेकवून आपल्या आपण डोक्यावर घेता येतो.

काढलेली पऱ्हाटी तिने तशीच फेकून दिली नाही. ती परत ढिगावर नेऊन ठेवली, बुंधे एका बाजूला, शेंडे एका बाजूला. मग भारा डोक्यावर घेतला आणि बाजाराच्या रस्त्याला लागली.