दहा भाकऱ्यांची झोप

पोटातलं पोर झोपतं म्हणलं की पळसदेवच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. हसा म्हणावं! वीस वर्सं सुईणपण केलंय, गावातल्या दर पोटावर हात ठेवून बसलीय मी. पाचव्या महिन्यात पोर नुसतं चुळबुळतं, त्याला ना झोप ना जाग. नववा लागला की नेम बसतो. दहा भाकऱ्या होईस्तवर गपगार, मग पुन्यांदा लाथा. कवा कवा झोपेतच दचकतं. सपान बघत आसंल का? पर सपनात यायला अजून बघितलंय काय त्यानं? स्वराज्य आलं, इंदापुरात नर्सबाई आली. तिला इचारलं, तर म्हणली, "असलं आमच्या पुस्तकात नाही, बाई."

तर एका दुपारी फुलाबाईनं बोलावणं धाडलं. तिची सून कौसल्या, नववा लागलेली. ती रडत हुती, आन फुलाबाई चुलीवर काढा उकळत हुती.

"पोर हलंना. मेलंय ते. काढा पाजून मोकळी करते, न्हायतर सूनबी जायची."

"कवाधरनं हललं न्हाय?"

"मघाशी धुणं धुऊन आले तवाधरनं, मावशी," कौसल्या म्हणली.

माझं डोस्कंच फिरलं. "फुलाबाई, उतरव ते पातेलं! तवा ठेव, दहा भाकऱ्या थाप."

"आत्ता? जेवणं झाली की समद्यांची!"

"थाप म्हणते ना!"

कौसल्याला कुशीवर निजवलं, पोटावर हात ठेवला. फुलाबाई पुटपुटत थापत हुती. पाच झाल्या. आठ झाल्या. दहावी फुगली, तरी हाताखाली काय न्हाय. कौसल्या माझ्याकडं बघत हुती, आन मला तिच्याकडं बघवंना. खरं सांगते, भ्याले मी. "अजून एक थाप," म्हणलं.

अकरावी तव्यावर पडली आन माझ्या तळव्याला टाच लागली. मग दुसरी.

"आई गं!" कौसल्या रडता रडता हसाय लागली. फुलाबाई पळत आली, भाकरी करपली. तिनं स्वतः हात लावून बघितलं, आन जाऊन काढा उकिरड्यावर ओतून आली.

मग म्हणली, "धोंडाबाई, तुला हे कुनी शिकवलं गं?"

"माझ्या लेकीनं," मी म्हणलं. "पोटात गप झाली, तर सासूनं असाच काढा पाजला मला. भायेर आली तवा जित्ती हुती. झोपमोड झाल्यावानी रडली, एकदाच."